ओल खिडकीखाली, पाण्याची वाट वेगळीच: एका मोटरहोमच्या खिडक्यांचं प्रकरण

गाडी आणि तक्रार

गाडी १२ वर्षांची. मागे झोपायची जागा, मध्ये ओटा, पुढे समोरासमोर दोन बाकं आणि मध्ये टेबल, अशी मोटरहोमची नेहमीची मांडणी. भिंतीला बाहेरून गुळगुळीत फायबर, आतून पातळ प्लायवूड आणि त्यावर चिकटवलेलं व्हायनिल. या दोन थरांच्या मध्ये पांढरा फोम आणि जागोजागी बॅटन, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या. बैठकीजवळची आणि ओट्यामागची खिडकी ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, सरकत्या काचांची. पलंगाशेजारची मात्र दुहेरी ॲक्रिलिकची (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची), वर बिजागरी असलेली आणि खालून बाहेर उघडणारी.

मालक म्हणजे काका-काकू, वर्षातला बराच काळ गाडीतच काढणारे. बैठकीच्या खिडकीखाली व्हायनिलला फुगे आले होते आणि कुबट वास येत होता. ओट्यामागच्या खिडकीच्या कोपऱ्यात तपकिरी डाग पसरत चालला होता. आणि काकूंची उशी रोज सकाळी भिंतीकडच्या बाजूने दमट लागायची. काकांनी याचा एकाच वाक्यात निकाल लावला होता: "सगळी रबरं गेलीत, सगळी बदलून टाका."

रबरं जुनी झाली होती यात शंका नव्हती. पण पाणी तीन ठिकाणी तीन वेगळ्या कारणांनी दिसत होतं, आणि त्यातल्या एकाच ठिकाणी खिडकीच्या सीलचा थेट दोष होता. सरसकट सगळी रबरं बदलली असती तर खर्च झाला असता आणि गाडी पुढच्या पावसात पुन्हा गळली असती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

खिडकीला सील एकच नसतं

अशा फ्रेमच्या खिडकीत पाणी अडवणारे भाग निदान तीन असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पहिला, फ्रेमची बाहेरची कड आणि गाडीची भिंत यांच्यामध्ये दाबलेली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट, मऊ रबरी पट्टी. ती बाहेरून दिसत नाही. दुसरा, काच आणि फ्रेम यांच्यामधली बीडिंग, म्हणजे लोक ज्याला "रबर" म्हणतात ती काळी पट्टी. तिसरा, सरकत्या काचेच्या कडेची केसाळ पट्टी. ही धूळ आणि वारा अडवते, पाणी अडवणं तिचं काम नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या चॅनलमध्ये, म्हणजे काच जिच्यात सरकते त्या खोबणीत, पावसाचं पाणी येणार हे बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं. ते बाहेर जावं म्हणून फ्रेमच्या खालच्या कडेला, बाहेरच्या अंगाला, बारीक खाचा ठेवलेल्या असतात. या खाचा म्हणजे बिघाड नाही, तो निचरा आहे. हे एवढं लक्षात राहिलं तर निम्म्या गाड्यांचं नुकसान टळेल असं मला मनापासून वाटतं.

सील खराब होण्याची कारणं सगळीकडे सारखीच. ऊन, त्यातली अतिनील किरणं, हवेतला ओझोन, उष्णता. पीव्हीसीच्या पट्टीला मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू उडून जातात. मग पट्टी कडक होते, आखडते, आणि कोपऱ्यात जिथे दोन टोकं भिडलेली असतात तिथे फट पडते. ईपीडीएम हे कृत्रिम रबर ऊन आणि ओझोन यांच्यापुढे बरंच जास्त टिकतं, पण वर्षानुवर्षं दाबाखाली राहिलेलं रबर त्याच चपट्या आकारात बसून जातं, पुन्हा फुलत नाही. दिसायला अखंड असतं, काम मात्र करत नाही.

त्यात हालचालीची भर. १ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला की साधारण ०.९ मिलिमीटर लांबते. तेवढीच काच त्याच फरकाला जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते. ॲक्रिलिक मात्र जवळपास ३ मिलिमीटर. म्हणजे भर उन्हात उभ्या गाडीत फ्रेम, काच आणि भिंत आपापल्या मापाने वाढत असतात, रात्री पुन्हा आखडतात, आणि चालत्या गाडीत या सगळ्याला हादरे बसतात ते वेगळेच. मधला लवचिक थर हा सगळा फरक रोज पोटात घेतो. तो थर कडक झाला की फट पडणारच.

पाहणी

आधी हत्याराशिवाय पाहिलं. बीडिंगवर नख दाबलं. चांगलं रबर लगेच वर येतं, इथे नखाची खूण तशीच राहिली. बैठकीच्या खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बीडिंगची टोकं इतकी मागे सरकली होती की जाड पुठ्ठ्याचा तुकडा सहज आत गेला. मग फ्रेमच्या खालच्या कडेला निचऱ्याच्या खाचा शोधल्या. सापडल्या नाहीत, कारण फ्रेमच्या चारही बाजूंनी सिलिकॉनचा जाड, पांढरा, बोटाने गुळगुळीत केलेला थर होता. त्याच्या खाली आधीचा एक थर, त्याच्याही खाली आणखी एक. पाणी दिसलं की बाहेरून एक नळी ओढायची, असं या गाडीवर आधीपासून होत आलेलं.

त्यानंतर सुयांचा ओलावा मीटर काढला. अशा भिंतीत मीटरच्या एकट्या आकड्यावर फार विसंबू नये. आत धातू असेल तर आकडा फसवतो, आणि मीटर लाकडासाठी बेतलेला असतो. पण एकाच भिंतीवरच्या दोन जागांची तुलना करायला त्याच्यासारखं साधन नाही. पलीकडच्या कोरड्या भिंतीवर ११-१२ टक्के दाखवत होता, तो आकडा आधार म्हणून धरला. मग खिडकीभोवती मास्किंग टेपचे तुकडे लावत गेलो आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तिथला आकडा लिहिला. लाकूड २० टक्क्यांच्या वर ओलं राहिलं तर बुरशीची काळजी करायला लागावं, हा नेहमीचा अंदाज.

तासाभरात भिंतीवर नकाशा तयार झाला. बैठकीच्या खिडकीखाली दोन्ही कोपऱ्यांत आकडे २५च्या वर आणि मधोमध थोडे कमी. शिवाय डाव्या बाजूने एक ओला पट्टा वरच्या कोपऱ्यापासून खाली उतरलेला. ओट्यामागच्या खिडकीजवळ चित्र अगदी वेगळं होतं: खिडकीच्या खाली १६-१७, आणि खिडकीच्या वर, छताजवळ, २४. पलंगाशेजारच्या ॲक्रिलिकच्या खिडकीभोवतीची भिंत मात्र पूर्ण कोरडी.

पाणी वर चढत नाही. ओट्यामागची भिंत खिडकीच्या वर जास्त ओली असेल तर पाणी खिडकीतून येत नाही, हे इथेच कळलं होतं. तरीही पाण्याची चाचणी केली, कारण मीटर ओल दाखवतो, वाट दाखवत नाही.

पाण्याची चाचणी

पाइपाला जेट लावायचा नाही. प्रेशर वॉशर तर नाहीच, कारण तो चांगल्या सीलमधूनही पाणी आत ढकलतो आणि उरलंसुरलं सीलही उचकटतो. साधा पाइप, हलकी धार, आणि सुरुवात नेहमी खालून. वरून सुरू केलं तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. प्रत्येक उंचीवर पाच-दहा मिनिटं धरायचं. आत दुसरं माणूस टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन. इथे आत काकू होत्या. आम्ही आतली पट्टी आधीच काढली होती, त्यामुळे फ्रेमच्या मागची कड उघडी होती.

बैठकीच्या खिडकीच्या खालच्या कडेवर पाणी धरलं. काही नाही. मग पाइप बाजूला ठेवून मगने थेट चॅनलमध्ये पाणी ओतलं. चॅनल भरला. बाहेर एक थेंब आला नाही. पाणी तसंच उभं राहिलं, मग आतल्या बुटक्या कडेवर चढलं, आणि दोन्ही कोपऱ्यांतून आतल्या बाजूला, फ्रेमच्या मागे, शांतपणे उतरायला लागलं. काकू आतून ओरडल्या, "अहो, इकडे दोन्हीकडून सुरू झालं!" बाहेर मी लाकडी काडीने सिलिकॉन टोकरून एक खाच मोकळी केली. आधी काळा गाळ आला, मग पाणी, आणि चॅनल बघता बघता रिकामा झाला.

खिडकीखाली दोन्ही कोपऱ्यांत ओल का होती, त्याचं उत्तर मिळालं. निचरा बंद केल्यामुळे प्रत्येक पावसात चॅनल भरून पाणी घरात येत होतं. गळती थांबवायला लावलेल्या सिलिकॉननेच ही गळती तयार केली होती.

पुढे वर सरकलो. काचेच्या बाजूच्या कडा ठीक. वरच्या डाव्या कोपऱ्यावर धार धरल्यावर बराच वेळ काही झालं नाही. पाइप हटवावा असं वाटत असतानाच टिश्यूला ओलाव्याचा ठिपका आला. म्हणजे तिथे ब्युटाइलही गेलं होतं. अशी संथ गळती घाईत सुटते, म्हणून प्रत्येक जागी वेळ द्यायचा.

ओट्यामागच्या खिडकीवर सगळीकडे पाणी धरूनही आत काही आलं नाही. छताच्या कडेला, सावलीची कनात अडकवायच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर धार गेली आणि खिडकीच्या वर पाणी दिसलं. त्या पट्टीचे स्क्रू थेट भिंतीत जातात आणि त्यांच्याभोवतीचं सीलंट वाळून तडकलं होतं. पाणी तिथून भिंतीत शिरून फोम आणि प्लायवूडच्या मधून खाली उतरत होतं. वाटेत खिडकीचं भोक लागलं की तिथे बाहेर दिसत होतं. या खिडकीला हातच लावला नाही. पट्टी सोडवली, जुनं सीलंट खरवडलं, पट्टीखाली नवी ब्युटाइल टेप घातली आणि प्रत्येक स्क्रू ब्युटाइलमध्ये बुडवून परत बसवला.

बैठकीची खिडकी काढावी लागली

काकांनी विचारलं, "खालच्या खाचा मोकळ्या केल्यात ना? मग वरच्या कोपऱ्याला बाहेरून एकदा नीट लावून चालणार नाही का?" प्रश्न रास्त होता, कारण फ्रेम काढणं म्हणजे मोठं काम. पण बाहेरून लावलेलं सीलंट फार तर पाण्याचं नवं शिरणं लांबवतं. आधी शिरलेलं पाणी ते कोंडून ठेवतं. आणि जुन्या सिलिकॉनवर नवं काहीही धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. मीटर २५च्या वर दाखवत असताना आतलं लाकूड न बघता भिंत बंद करणं मला पटण्यासारखं नव्हतं.

फ्रेम आतून एका रिंगने आणि स्क्रूंनी आवळलेली असते. स्क्रू काढायच्या आधी बाहेर एक माणूस खिडकी धरून उभा हवा, कारण कधी कधी ती फक्त जुन्या ब्युटाइलवर लटकत असते. खालच्या बाजूचे स्क्रू गंजलेले निघाले, दोन तर नुसतेच फिरत होते. फायबरवर ओरखडा पडू नये म्हणून प्लास्टिकच्या पात्याने कड सोडवत फ्रेम बाहेर ढकलली.

उजवीकडचं ब्युटाइल अजून चिकट आणि लवचिक होतं, बोटाला लागत होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात तेच राखाडी आणि भुसभुशीत झालेलं, आणि त्यावरून धुळीची बारीक रेघ आत गेलेली. पाणी सुकतं पण बरोबर आणलेली धूळ मागे राहते, त्यामुळे ही रेघ म्हणजे पाण्याची वाटच. ती रेघ खालच्या बॅटनपर्यंत जात होती. बॅटन काळा पडला होता आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात जोर न लावता रुतलं. स्क्रू का फिरत होते ते कळलं: धरायला लाकूडच उरलं नव्हतं. स्क्रू धरत नाहीत म्हणून फ्रेम आवळली जात नाही, फ्रेम सैल म्हणून ब्युटाइल दाबलं जात नाही, आणि म्हणून पाणी अजून येतं.

बाहेरून भिंत बोटांच्या पेरांनी ठोकत गेलो. फायबर प्लायवूडपासून सुटलं असेल तर आवाज पोकळ येतो. इथे सगळीकडे भरीव आला. वेळेत उघडली गेली म्हणायचं.

वाळवणं

या टप्प्यावर लोक घाई करतात आणि सगळं काम वाया जातं. खिडकीचं भोक प्लास्टिकच्या कागदाने वरून झाकलं, खालून हवेला वाट ठेवली. पंखा आणि हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र लावलं. हीट गन लावायची नाही. आतला पॉलिस्टायरिनचा फोम १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि थर जोडणारा गोंदही उष्णतेने सुटू शकतो. मीटरवर कोरड्या भिंतीचा आकडा येईपर्यंत थांबलो. वाळवायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला.

मग कुजलेला बॅटन चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढला, त्याच जाडीचा नवा तुकडा पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने बसवला आणि कडेचं थोडं मऊ लाकूड पातळ इपॉक्सी पाजून घट्ट केलं. भोकाच्या चारही बाजूंना प्लायवूडची कापलेली कड उघडी होती, तिलाही इपॉक्सीचा हात दिला. हे कारखान्यातच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण कापलेली कड पाणी पिते आणि ते सगळ्या भिंतीत पसरवते.

साफसफाई आणि बसवणं

सिलिकॉन काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. आधी प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं, मग सिलिकॉन विरघळवणारं जेल, मग पुन्हा खरवडलं. पृष्ठभाग साफ झाला का हे डोळ्यांनी कळत नाही. मास्किंग टेपचा तुकडा लावून ओढून पाहायचा. अलगद निघून आला तर सिलिकॉन अजून शिल्लक आहे. ब्युटाइलचे डाग मिनरल टर्पेंटाइनने आणि शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने केली. यातलं काहीही ॲक्रिलिकच्या खिडकीजवळ न्यायचं नाही. अल्कोहोल, टर्पेंटाइन किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव लागला की ॲक्रिलिकमध्ये केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात, आणि त्या परत जात नाहीत. ॲक्रिलिकला फक्त साबणाचं सौम्य पाणी.

काचेची बीडिंग नवी घातली. आणताना जुन्याचा तुकडा कापून बरोबर न्यावा. मापं सांगून नेमका छेद मिळत नाही. बीडिंग मापापेक्षा किंचित लांब कापायची, आधी दोन्ही टोकं कोपऱ्यांत बसवायची आणि मग मधला भाग दाबत आत घालायचा. ताणून बसवलेली बीडिंग काही महिन्यांत पुन्हा आखडते आणि कोपरे उघडे पडतात. साबणाचं पाणी लावलं की ती सहज सरकते.

फ्रेमच्या कडेला ३ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर रुंद ब्युटाइल टेप लावली. सांधा खालच्या बाजूला ठेवला, कारण तिथे पाण्याचा मारा सगळ्यात कमी. कोपऱ्यात टेप ओढायची नाही, ओढली की तिथेच पातळ होते. स्क्रू हाताने आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. यंत्राने एकदम आवळले तर रिंग वाकते आणि दोन स्क्रूंच्या मध्ये फ्रेम उचलली जाते. चारही बाजूंनी ब्युटाइल सारखं बाहेर डोकावलं म्हणजे दाब बरोबर बसला. दुसऱ्या दिवशी ब्युटाइल थोडं बसतं, तेव्हा आणखी एक फेरी. बाहेर आलेलं ब्युटाइल नंतर प्लास्टिकच्या पात्याने कापलं.

वरच्या कडेला आणि बाजूंच्या वरच्या भागाला सिलिकॉन नसलेल्या हायब्रिड सीलंटची बारीक रेघ ओढली. खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली. पुढेमागे कुठून पाणी शिरलंच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी.

फ्रेमखाली ब्युटाइलऐवजी पॉलियुरेथेन लावणारे कारागीर आहेत. ते फार घट्ट धरतं हे खरं, पण पुढच्या वेळी खिडकी काढताना फायबरसकट निघतं. स्क्रूंनी आवळलेल्या फ्रेमला मी ब्युटाइलच वापरतो. बिनफ्रेमची, थेट चिकटवलेली काच असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पॉलियुरेथेनच लागतं आणि ते काम घरी करायचं नाही.

काकूंची उशी

पलंगाशेजारची भिंत कोरडी, पाण्याच्या चाचणीतही काही नाही, आणि उशी मात्र पाऊस नसतानाही दमट. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास, बंद खिडक्या आणि थंड पृष्ठभाग, एवढंच कारण. पाणी ॲक्रिलिकवर आणि फ्रेमवर जमून उशीवर ओघळत होतं. छतावरची झडप रात्री बोटभर उघडी ठेवायची आणि उशी भिंतीपासून थोडी लांब, हा उपाय. दोन ॲक्रिलिकच्या मध्येही थोडी वाफ होती. अशा खिडक्यांच्या कडेला छोटं बूच असतं. कोरड्या दिवशी ते काढून ठेवलं आणि आतली वाफ गेली.

या खिडकीच्या रबराला काका प्रेमाने पेट्रोलियम जेली लावत होते. ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. साबणाने धुऊन काढलं. त्याऐवजी सिलिकॉनयुक्त रबर-स्प्रे चालतो, पण तो फडक्यावर घेऊन रबरालाच लावायचा. आजूबाजूला उडाला तर पुढे तिथे सीलंट धरणार नाही.

नंतर

खिडकी बसवल्यावर पाण्याची चाचणी त्याच क्रमाने पुन्हा घेतली. मगभर पाणी चॅनलमधून खाचांवाटे सरळ बाहेर गेलं. वरच्या कोपऱ्यावर आधीपेक्षा दुप्पट वेळ धार धरली, टिश्यू कोरडा राहिला. आतलं व्हायनिल लगेच चिकटवलं नाही. भिंत काही आठवडे उघडी ठेवून पावसानंतर मीटर लावत राहायला सांगितलं. मास्किंग टेपचे आकडे लिहिलेले तुकडे काकांनी तसेच ठेवले आहेत, नवे आकडे ते त्यांच्याच शेजारी लिहितात. शेवटी पाहिलं तेव्हा खालचे दोन्ही कोपरे १२-१३ वर होते. ओट्याच्या खिडकीवरची जागा अजून १५ वर आहे, पण उतरते आहे. तिथे भिंत उघडलेली नसल्यामुळे वाळायला वेळ लागणारच.

गाडीच्या दुसऱ्या अंगाला आणखी दोन सरकत्या खिडक्या आहेत, त्यांच्यावरही सिलिकॉन आहे. भिंत कोरडी आहे म्हणून त्या आत्ता काढल्या नाहीत, फक्त खालच्या खाचा मोकळ्या केल्या. त्यातल्या ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीवर सगळ्यात जास्त ऊन येतं आणि तिची बीडिंग कोपऱ्यात आखडायला लागली आहे. पुढची तीच काढायची असं ठरलं आहे.